विश्लेषण : धावपट्टीच नको, अशी प्रवासी जेट विमाने कागदावरच का राहिली? अकोल्याला ती उपयोगी पडली असती का?

बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीकरांची कित्येक वर्षांची प्रतीक्षा संपली. तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या अकोल्यात मात्र शिवणी विमानतळाचे घोडे धावपट्टीच्या लांबीपाशी अडलेले आहे. हा विषय निघाला, की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. हेलिकॉप्टरसारखी जागच्या जागी सरळ वर जाणारी विमाने आता येत आहेत, त्यांचे व्हिडिओ रोज मोबाइलवर फिरतात, मग जमीन घ्या, धावपट्टी वाढवा, हा खटाटोप कशासाठी?

प्रश्न भाबडा नाही. साठ वर्षांपूर्वी जर्मनी आणि ब्रिटनमधल्या बड्या विमान कंपन्यांनी स्वतःला हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी शंभर-शंभर प्रवाशांची, सरळ वर उडणारी जेट विमाने कागदावर उतरवली, त्यांची मॉडेल्स तयार केली, शहरांच्या मध्यभागी उतरण्याच्या योजना आखल्या. त्यातले एकही प्रवासी विमान बांधले गेले नाही. का, हे समजून घेतले तर शिवणीचा प्रश्नही वेगळ्या बाजूने दिसतो.

अडचण नेमकी किती मीटरची?

बेलोऱ्याची धावपट्टी आधी 1372 मीटर होती. ती 1850 मीटर झाली, त्यानंतर अलायन्स एअरचे 70 आसनांचे एटीआर-72 तिथे येऊ लागले. शिवणीची धावपट्टी साधारण 1400 मीटरची आहे. म्हणजे दोन शहरांमधला फरक आहे सुमारे साडेचारशे मीटरचा.

एवढे डांबर टाकणे वऱ्हाडाला जड नाही. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनचा 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या वेगाने साडेचारशे मीटरची एक लेन पाऊण तासाच्या आत होते. धावपट्टी बरीच रुंद असते, तिचे थर जाड असतात, तिचे निकष वेगळे असतात, हे सगळे मान्य. तरीही अडते ते डांबरापाशी नाही, जमिनीपाशी. शिवणीला लागून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, म्हणजे सगळे ज्याला पीकेव्ही म्हणतात तिची, जमीन आहे आणि पुढे खासगी शेती. संशोधनाचा प्लॉट एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. त्या मातीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदी त्या मातीपुरत्याच असतात. शेतकऱ्याचे तर सांगायलाच नको.

म्हणूनच धावपट्टी न लागणारे विमान ही कल्पना इतकी मोहात पाडते. कोणाची जमीन जात नाही, मोजणी नाही, मोबदल्याचा वाद नाही, कोर्टकचेरी नाही.

धावपट्टी लागते तरी कशाला?

विमानाला वर उचलते ते इंजिन नव्हे, पंख. इंजिन विमानाला फक्त पुढे रेटते. पुढे जाताना पंखांवरून हवा वाहते आणि त्यातून उचल मिळते. चांगल्या प्रवासी विमानाच्या पंखाची करामत अशी, की हवेत असताना इंजिनाने एक किलोचा रेटा दिला, तर पंख पंधरा-सतरा किलो वजन तोलून धरतो. इतका फायदेशीर व्यवहार अभियांत्रिकीत फार कमी ठिकाणी सापडतो.

फक्त एक अट आहे. पंखाला आधी वेग हवा. एटीआरसारख्या विमानाला जमीन सोडण्यासाठी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठावा लागतो. तो गाठण्यासाठी, आणि ऐनवेळी इंजिन बिघडले तर थांबण्यासाठीही, जी जागा लागते ती म्हणजे धावपट्टी.

जागच्या जागी वर जायचे म्हटले की पंखाचा हा फायदा शून्य होतो. विमान स्थिर असते, पंखांवरून हवा वाहत नाही, आणि सगळे वजन थेट इंजिनाला उचलावे लागते. एक किलोच्या रेट्यावर पंधरा किलो उचलणारा गडी रजेवर गेला, आता एका किलोसाठी एक किलोपेक्षा थोडा जास्तच रेटा हवा.

हिशेब मांडून पाहू. प्रवासी भरलेल्या एटीआर-72 चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन असते 23 टन. ते सरळ वर उचलायचे, शिवाय तोल सावरायला दहा-पंधरा टक्के जादा ताकद हाताशी ठेवायची, तर 25-26 टन रेटा हवा. आता एअरबस ए-320 पाहा. सुमारे 78 टन वजनाचे, 180 प्रवासी नेणारे विमान. त्याच्या दोन्ही इंजिनांचा मिळून रेटा आहे साधारण 24 टन. म्हणजे अकोल्याहून 70 माणसे सरळ वर न्यायची, तर धावपट्टीवरून 180 माणसे नेणाऱ्या विमानापेक्षाही दांडगी इंजिने लागतील. आणि हा हिशेब अजून कच्चा आहे. या इंजिनांचे स्वतःचे वजन आणि त्यांना लागणारे जादा इंधन त्यात धरलेले नाही. ते धरले की वजन वाढते, वजन वाढले की रेटा वाढवावा लागतो, रेटा वाढवला की पुन्हा वजन.

मग हेलिकॉप्टरला कसे जमते?

इथे वऱ्हाडातल्या प्रत्येक घरी असलेला कूलर कामाला येतो. कूलरचा मोठा पंखा पुष्कळ हवा हळू ढकलतो. पंक्चरच्या दुकानातली हवेची नळी थोडीशी हवा प्रचंड वेगाने सोडते. दोन्हींपासून सारखाच रेटा मिळवता येतो, पण खर्च सारखा येत नाही. हवेचा वेग दुप्पट केला तर तेवढ्याच रेट्यासाठी हवा निम्मी पुरते, पण ऊर्जा दुप्पट खर्च होते.

हेलिकॉप्टर हा मोठा कूलर आहे. त्याचे भलेमोठे पाते पुष्कळ हवा सावकाश खाली ढकलते, म्हणून ते कमी खर्चात तरंगते. पण तेच पाते पुढे वेगाने जाताना आडवे येते. जेट इंजिन दुसऱ्या टोकाला, हवेच्या नळीसारखे. लांब पल्ल्यावर वेगात जायला उत्तम, जागेवर तरंगायला अतिशय खर्चिक. सरळ वर उडणाऱ्या जेटच्या प्रत्येक रेखाटनाची गोष्ट म्हणजे या दोन टोकांची गाठ मारण्याची धडपड आहे.

जर्मनांनी काय केले होते?

या धडपडीचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष नमुना म्हणजे डॉर्निए कंपनीचे डीओ-31. नाटोला असे मालवाहू विमान हवे होते, जे शत्रूने धावपट्ट्या उद्ध्वस्त केल्या तरी उडू शकेल. म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेन इथल्या विमानतळावर हे विमान फेब्रुवारी 1967 मध्ये पहिल्यांदा उडाले आणि त्याच वर्षी जुलैत त्याचा दुसरा नमुना उडाला. 1969 मध्ये ते म्युनिकहून थेट पॅरिसच्या विमान प्रदर्शनात गेले. सरळ वर उडणारे जेट वाहतूक विमान म्हणून आजवर प्रत्यक्ष उडालेले हे एकमेव.

त्याला इंजिने किती होती? दहा. पुढे जाण्यासाठी दोन मोठी पेगासस इंजिने, ज्यांच्या नळ्या खालीही वळवता येत. शिवाय दोन्ही पंखांच्या टोकांना चार-चार याप्रमाणे आठ छोटी लिफ्ट इंजिने. मोठ्या दोघांचा रेटा मिळून 14 टन, छोट्या आठांचा 16 टन. एकूण 30 टन. विमानाचे कमाल वजन 27 टनांच्या आसपास. आणि त्यातून जाणार होते 36 सैनिक. वजन एटीआरपेक्षा जास्त, इंजिने पाचपट, माणसे निम्मी. वेग एटीआरपेक्षा बराच जास्त होता हे खरे, पण त्या वेगाची किंमतही दिसतेच आहे.

त्या आठ लिफ्ट इंजिनांचे काम सुरुवातीची एक-दोन मिनिटे आणि शेवटची एक-दोन मिनिटे. मधला सगळा प्रवास ती बंद राहत. विमानाने ती नुसती वाहून न्यायची, आणि पंखांच्या टोकांना लटकलेल्या त्यांच्या मोठ्या डब्यांना होणारा हवेचा अडथळाही सोसायचा. लग्नाच्या वरातीत दारापाशी वाजवायला बँड लागतो म्हणून तो नागपूरपर्यंत बसमध्ये सोबत न्यावा, असा हा प्रकार.

एप्रिल 1970 मध्ये हा प्रकल्प बंद करण्यात आला. पण डॉर्निएच्या अभियंत्यांनी त्यातूनच पुढचे पाऊल आखले होते, प्रवाशांसाठीचे. डीओ-231. शंभर प्रवासी, पुढे जाण्यासाठी दोन इंजिने आणि उचलण्यासाठी बारा लिफ्ट पंखे, काही धडात तर काही पंखांवर. त्याच सुमारास जर्मनीतल्याच दुसऱ्या एका कंपनीने व्हर्टिबस नावाचे असेच विमान रेखाटले. ब्रिटनमध्ये हॉकर सिडलीने एचएस-141 मांडले. त्याच्या धडाच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक कप्पे होते आणि त्यात मिळून सोळा लिफ्ट पंखे. त्याची मॉडेल्स वाऱ्याच्या बोगद्यात तपासली गेली. पुढे सगळे थांबले. ज्या लिफ्ट पंख्यांवर या योजना उभ्या होत्या, ती इंजिनेही कधी सेवेत आली नाहीत.

बारा आणि सोळा हे आकडे हौसेने आलेले नाहीत. दोन इंजिनांच्या साध्या विमानात उड्डाणानंतर एक बंद पडले, तर पंख आहेत, वेग आहे. वैमानिक एका इंजिनावर विमान सांभाळून परत आणतो. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तरी फिरते पाते काही काळ आधार देते. तरंगणाऱ्या जेटला यातले काहीच नाही. एका कोपऱ्यातला रेटा गेला की तो कोपरा खाली जातो, विमान कलंडते, आणि सावरायला उंचीही नसते. म्हणून इंजिनांची संख्या वाढवायची, म्हणजे एक गेले तरी फरक छोटा पडतो. पण इंजिने वाढली की त्यांतले एखादे बिघडण्याची शक्यता वाढते आणि देखभालीचे बिलही. शंभर प्रवाशांच्या तिकिटांतून चौदा-अठरा इंजिनांचा खर्च काढायचा होता.

आवाज हा दुसरा मोठा अडसर. या विमानांचा सगळा मुद्दाच शहराच्या मध्यभागी उतरण्याचा. लिफ्ट इंजिनांचा कर्कश आवाज मात्र शहराच्या मध्यभागी कोणीही खपवून घेतला नसता. ब्रिटनचे फेअरी रोटोडाइन हे पाते आणि पंख दोन्ही असलेले, चाळीसेक प्रवाशांचे विमान 1957 मध्ये उडालेही होते. 1962 मध्ये ते बंद पडण्यामागे त्याच्या आवाजाचाही वाटा होता. त्यात 1973 चे तेलसंकट आले. इंधनाचे भाव भडकल्यावर एका किलोसाठी एका किलोचा रेटा ही चैन कोणत्याच विमान कंपनीला परवडणारी नव्हती. शहराच्या मध्यातून मध्यात वेगाने जाण्याचे काम पुढे युरोपात वेगवान रेल्वेगाड्यांनी केले.

अकोल्याच्या उन्हात काय झाले असते?

वरचे सगळे हिशेब युरोपातल्या थंड हवेतले आहेत. मे 2024 मध्ये उन्हामुळे अकोला जिल्ह्यात चक्क कलम 144 लावावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल. हवा तापली की विरळ होते. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर आहे. पारा 44 अंशांवर असताना इथली हवा, अभियंते प्रमाण मानतात त्या समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 12 टक्के विरळ भरते. विरळ हवेत इंजिनाचा रेटा घटतो. वर आपण जी दहा-पंधरा टक्के ताकद जादा ठेवली होती, ती दुपारी दोन वाजता अकोल्यात जवळपास संपलेली असते.

धावपट्टीवरच्या विमानालाही ऊन त्रास देतेच, पण त्याच्याकडे उपाय असतो. ते थोडे जास्त धावते. लांब धावपट्टी हा उन्हाळ्याचा विमा आहे, आणि बेलोऱ्याच्या 1850 मीटरचा खरा उपयोग मे महिन्यात कळतो. सरळ वर जाणाऱ्या विमानाला जास्त धावण्याची सोयच नाही. त्याने वजन उतरवायचे, म्हणजे प्रवासी उतरवायचे.

हे नुसते पुस्तकी नाही. भारतीय नौदलाने 1983 पासून सी हॅरियर विमाने वापरली. त्यांचा तळ गोव्यात दाबोळीला, आणि आयएनएस विराट ही त्यांची युद्धनौका मुंबईची. जागच्या जागी वर जाऊ शकणारे हे जगातले सर्वांत यशस्वी जेट. त्याच्या पेगासस इंजिनाला तरंगताना थंड ठेवण्यासाठी विमानात दोनशेहून अधिक लिटर पाण्याची टाकी असे, आणि ते पाणी साधारण दीड मिनिटात संपे. आपल्या कूलरची टाकीही त्यापेक्षा बरी टिकते! त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, सरळ वर उडता येत असूनही ही विमाने विराटवरून सहसा तशी उडत नसत. नौकेच्या टोकाला चढाचा उतार बांधला होता, त्यावरून धावत जाऊन ती झेप घेत. कारण धावून उडाले तर जास्त इंधन आणि शस्त्रे नेता येत. उतरताना, वजन कमी झाल्यावर, ती सरळ खाली येत. ज्यांच्याकडे हे तंत्र होते, तेही शक्य तिथे धावतच उडत होते. नौदलाने घेतलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. मे 2016 मध्ये उरलेली दाबोळीलाच निवृत्त झाली.

जमिनीचाही प्रश्न सुटत नाही. जेटचा तप्त झोत सरळ खाली आदळतो तेव्हा साधे डांबर टिकत नाही, खास काँक्रीट लागते. भोवतालची धूळ आणि कचरा उडून परत इंजिनात जाऊ नये म्हणून मोठा परिसर स्वच्छ आणि पक्का ठेवावा लागतो. काळी माती, वाऱ्यावर उडणारा कापूस आणि तूर काढल्यावर उरलेला भुसा यांच्या मधोमध असा तळ ठेवायचा म्हणजे जागा पुन्हा लागणारच. शिवाय आवाजाचा टापू वेगळा. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहील, पण शेजारी पीकेव्हीच्या वर्गात शिकवणे अवघड होईल.

आता बॅटरीची विमाने आली, त्यांचे काय?

मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ बहुतेक यांचेच असतात. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. त्यांतली बरीचशी जेट नसतात. मोठ्या ड्रोनसारखी, अनेक पंखे असलेली, चार-पाच जणांची विमाने असतात. इंडिगोची मूळ कंपनी इंटरग्लोबने 2023 मध्ये अमेरिकेच्या आर्चर कंपनीशी ज्या विमानासाठी करार जाहीर केला, ते वैमानिक आणि चार प्रवाशांचे आहे, आणि बोलणे होते दिल्ली-गुरुग्रामसारख्या टप्प्यांचे. चेन्नईत आणि बंगळूरुतही अशा विमानांवर काम चालू आहे. शहरातल्या शहरात वीस-तीस किलोमीटर जायला ती उपयोगी ठरू शकतात. अकोल्याहून मुंबई मात्र रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरहून अधिक आहे. विमानाच्या एक किलो इंधनात जितकी ऊर्जा असते, तितकी साठवायला आजच्या बॅटऱ्यांचे चाळीसेक किलो लागतात. मोटर इंजिनापेक्षा कार्यक्षम असते, त्यामुळे काही दरी भरून निघते. सगळी भरत नाही.

बॅटरीवर खरोखर जेटसारखे विमान करू पाहणारी कंपनी होती जर्मनीची लिलियम. सहा प्रवासी, आणि पंखांमध्ये बसवलेले तीस छोटे बंदिस्त विद्युत पंखे. म्हणजे पुन्हा तीच हवेची नळी. छोटे तोंड, जास्त वेग, तरंगताना बॅटरीवर मोठा ताण. रिमोटवर उडणारे चाचणीचे नमुने उडाले, कंपनी अमेरिकी शेअर बाजारात गेली, जगभरातून ऑर्डरी जाहीर झाल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दुसऱ्यांदा. प्रवाशांना घेऊन तिचे विमान कधीच उडाले नाही. योगायोग असा, की लिलियमचा पत्ताही ओबरफाफेनहोफेनच होता, जिथून डीओ-31 उडाले होते.

मग शिवणीसाठी पर्याय काय?

सरळ वर उडणारे नाही, पण थोड्या जागेत उडणारे विमान हा मधला मार्ग आहे, आणि तो जास्त वास्तव आहे. एटीआर कंपनीनेच 2019 मध्ये असे विमान जाहीर केले होते. चाळीस प्रवासी आणि फक्त 800 मीटरची धावपट्टी. शिवणीसाठी मापून शिवल्यासारखे. नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीने ते सोडून दिले. कारण तंत्राचे नव्हते. इतकी छोटी धावपट्टी असलेल्या आणि तरीही पुरेसे प्रवासी देणाऱ्या शहरांची बाजारपेठ अपेक्षेपेक्षा लहान निघाली. धावपट्टी कमी करण्यासाठी जो खर्च विमानात घालायचा, तो जगभरातल्या बहुतेक गावांनी एकदाच जमिनीत घातला होता.

उरते ते एकोणीस आसनी विमान. आणि इथे डॉर्निएचे नाव पुन्हा येते. शंभर प्रवाशांच्या उभ्या उड्डाणाचे स्वप्न कागदावर राहिल्यावर याच कंपनीने ओबरफाफेनहोफेनमध्येच डीओ-228 हे साधे, पंख्यांचे, दोन इंजिनांचे विमान तयार केले. ते 1981 मध्ये पहिल्यांदा उडाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्स 1980 च्या दशकापासून ते कानपूरमध्ये बांधते. त्याला आठशे मीटरच्या आसपास धावपट्टी पुरते, उन्हाळ्यात थोडी जास्त. शिवणीचे 1400 मीटर त्याला पुष्कळ झाले. एप्रिल 2022 मध्ये अलायन्स एअरने कानपूरमध्ये बनलेल्या याच विमानाने आसाममधल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला प्रवासी सेवा सुरू केली.

अर्थात धावपट्टी पुरली म्हणजे विमान आले असे होत नाही. परवाना, अग्निशमन, सुरक्षा तपासणी, टर्मिनल हे सगळे विमान छोटे असले तरी लागतेच. छोट्या विमानात प्रत्येक आसनामागचा खर्च जास्त पडतो, आणि मुंबईपर्यंतचा पल्ला त्याच्या संथ वेगाने लांबतो. अकोल्याचा व्यापारी अशा तिकिटाला किती पैसे मोजेल, रात्रीच्या रेल्वेने सकाळी मुंबईत उतरण्यापेक्षा त्याला ते फायद्याचे वाटेल का, की तासा-दीड तासात गाडीने बेलोरा गाठणेच त्याला सोयीचे पडेल, हे गणित विमान कंपन्या करतात. त्यात सरकारी अनुदानाचा आकडा टाकला तर उत्तर बदलते, आणि अनुदान संपले की पुन्हा बदलते.

सरळ वर उडण्याला वऱ्हाडात खरोखर जागा आहे ती मेळघाटात. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या डोंगरातून अडलेल्या बाळंतिणीला अमरावतीच्या रुग्णालयात आणायचे असेल, तर तिथे धावपट्टी बांधून होणार नाही, आणि खर्चाचा हिशेबही तिकिटाच्या दराने लावता येणार नाही. त्या कामासाठी मात्र कागदावरचे जेट लागत नाही. हेलिकॉप्टर पुरते.

डीओ-31 ची दोन्ही उडालेली विमाने आज जर्मनीत संग्रहालयांत आहेत, एक म्युनिकजवळच्या श्लाइसहाइममध्ये आणि दुसरे फ्रीडरिशहाफेनला. पंखांच्या टोकांचे ते लिफ्ट इंजिनांचे डबे श्लाइसहाइमच्या विमानावर पाहायला मिळतात.